सदतीस आणि एक

माझा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत होता, तेव्हा जीन प्रॉक्टरनं ते पहिल्यांदा तोंडातून काढलं.

"अडतीस मतं पडली, डॉक. सदतीस आणि एक."

"गाभण," मी म्हणालो. "चार महिने झालेत. सोड हिला."

त्यानं खोड्याची दांडी ओढली. गाय धाडकन बाहेर गेली, मागची आत शिरली. नोव्हेंबरचा गुरुवार होता आणि वारा असा की कानाच्या पाळ्या आहेत की गळून पडल्या ते हात लावून बघावं लागत होतं. हिवाळ्याच्या तोंडावर तिकडं सगळ्या गाई तपासून घेतात. जी गाभण नाही तिला चारा कशाला घालायचा, सरळ बाजारात. जीनच्या शंभर गाई मी अकरा वर्षं तपासत होतो.

"सदतीस वॉल्टला," तो पुढं म्हणाला, "आणि एक रॉय टकेटला. आणि वॉल्ट पडला कितीनं?"

"एका मतानं. मी पण पेपर वाचतो, जीन."

"वाचत असशीलच."

"मी वॉल्टलाच मत दिलंय."

"मी काही म्हटलं का?"

हेच तर दुखणं होतं. ही माणसं काही म्हणतच नाहीत. मी बीड जिल्ह्यातला, केज तालुक्यातला. आमच्याकडं सरपंच एका मतानं पडला असता तर संध्याकाळपर्यंत माझ्या दारात येऊन आई-बहीण काढली असती, मीही चार शिव्या घातल्या असत्या, आणि महिनाभरात एकाच पंगतीला जेवायला बसलो असतो. इथं शिवी नाही. हसून बोलतात, हवा कशी आहे विचारतात आणि तुमचं नाव वहीतून खोडून टाकतात.

साठावी गाय झाली तेव्हा जीननं खोड्याची दांडी लावून टाकली.

"उरलेल्या राहू देत. शनिवारी पलीकडच्या काउंटीतला डॉक्टर येतोय."

"चाळीसच राहिल्यात. तासाभराचं काम आहे."

"थंडी फार आहे, डॉक. तू घरी जा. कॉफी घे."

मी शेणानं भरलेला हातमोजा काढला. तो कुठं टाकू, हे विचारायलाही तो थांबला नाही.

ही गोष्ट आहे कॅन्ससमधली, चौदा वर्षांपूर्वीची. आमची ब्रॅनॉक काउंटी, म्हणजे आपल्याकडचा तालुका धरा, आणि तिच्या उत्तर टोकाला आमची टाउनशिप, नॉर्थ फोर्क. टाउनशिप म्हणजे पाच-सात वस्त्यांची मिळून एक ग्रामपंचायत समजा. निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर राज्याचा नकाशा दाखवतात आणि काउंटी काउंटी रंगवत जातात. आमची काउंटी रंगवायला त्यांना अर्धा सेकंद लागतो. सगळी एका रंगाची. लांबून बघणाऱ्याला वाटतं, आत सगळे एकाच साच्यातले. पण काउंटीचा साप्ताहिक पेपर गुरुवारी निघतो, आणि त्यात टाउनशिपवार तक्ता असतो. कोणत्या टाउनशिपमधून कुणाला किती. अडतीस मतदारांच्या गावाचा असा तक्ता छापणं म्हणजे गुप्त मतदानाचं धोतर फेडणं आहे, पण पन्नास वर्षं छापत होते, कुणाला काही वाटत नव्हतं. कारण तोवर त्या अडतिसांत माझ्यासारखा कुणी नव्हता.

मी त्याच उन्हाळ्यात नागरिक झालो होतो. ते माझं पहिलं मत. बायकोचे कागद अजून व्हायचे होते, म्हणजे आमच्या घरातून एकच मत. बाकी सदतीस जण म्हणजे त्यांच्या आज्या-पणज्या त्याच मातीत गाडलेल्या.

लढत होती काउंटी कमिशनरची, म्हणजे रस्ते-पुलांचा पैसा ज्याच्या हातात त्या जागेची. वॉल्ट उन्रू आमच्या उत्तरेचा, रॉय टकेट दक्षिणेचा. भांडण पुलाचं. आमच्या ओढ्यावर एक जुना पूल होता. रॉय म्हणत होता, मूठभर लोकांसाठी हा पूल दुरुस्त करणं परवडत नाही, बंद करून टाकू. बंद केला की बावीस मैलांचा वळसा. वॉल्ट म्हणत होता, पूल राहील. वॉल्टला चारशे अकरा पडली, रॉयला चारशे बारा.

आता कुणीही अक्कल चालवून बघावं. त्या पुलावरून दिवसातून चारदा कोण जात होतं? मी. अडलेल्या गाईपर्यंत बावीस मैल उशिरा पोचल्यावर मेलेलं वासरू कोण ओढून काढणार होतं? मी. पूल गेल्यावर सगळ्यात जास्त मरण माझंच होतं. पण हा हिशेब कुणी मांडला नाही. अडतिसांत एक वेगळा आहे, आणि अडतीस मतांत एक वेगळं आहे. संपलं. एवढ्यावर फाशी.

घरी आलो तर शैलानं पेपर टेबलावर पसरून ठेवलेला.

"साठच गाई झाल्या?" तिनं विचारलं.

"साठच."

"सकाळपासून दोघांनी यायचं रद्द केलंय. एकानं कुत्र्याच्या इंजेक्शनचं, दुसऱ्यानं कालवडींचं." मग तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, "अहो, एक विचारू का? रागावू नका."

"विचार."

"तुम्ही खरंच कुणाला दिलं?"

वीस वर्षांचा संसार.

"तू पण?"

"तसं नाही हो. पेन सरकलं बिरकलं असेल. ते गोल भरायचे असतात ना, पहिल्यांदाच होतं तुमचं..."

"शैला, मी गाईच्या पोटात न बघता नुसत्या हातानं वासरू किती महिन्यांचं ते सांगतो. मला एक गोल भरता येणार नाही?"

"बरं बाबा, चुकले." ती उठली. जाता जाता म्हणाली, "आर्कान्सातून तुमच्या मित्राचा परत फोन आला होता. कोंबड्यांच्या कंपनीत जागा आहे अजून. नाताळापर्यंत कळवा म्हणाला."

चार वर्षं परीक्षा देऊन मी इथला परवाना मिळवला होता. कर्ज काढून दवाखाना बांधला होता. अकरा वर्षं या लोकांची जनावरं उणे वीसमध्ये बर्फात गुडघे टेकून सोडवली होती. आणि आता आर्कान्सात जाऊन पांढरा कोट घालून मेलेल्या कोंबड्या मोजायच्या. कशासाठी? तर न दिलेल्या मतासाठी.

दुसऱ्या दिवशी मी वॉल्टकडं गेलो. वॉल्ट म्हणजे या सगळ्यांत माझा म्हणावा असा एकच माणूस. आम्ही आलो त्या पहिल्या हिवाळ्यात ट्रॅक्टर घेऊन आमच्या दारातला बर्फ न सांगता काढून गेला होता. साठीचा, लांब, वाकलेला, मेनोनाइट घराण्यातला. ही एक साध्या राहणीची, मान खाली घालून जगणारी ख्रिस्ती मंडळी. मोठ्यानं बोलणं, मिरवणं म्हणजे त्यांच्यात जवळजवळ पाप. कमिशनरला उभं राहायलाही लोकांनीच त्याला ढकललं होतं.

तो गोठ्यात टेबलाशी बसून वासरांच्या कानातले बिल्ले लिहीत होता. पिवळे प्लास्टिकचे बिल्ले, जाड काळं पेन. सगळे शेतकरी छापलेले बिल्ले घ्यायला लागले होते, हा अजून हातानं लिहायचा. इंग्रजी वाय अक्षर काढलं की त्याच्या पायाखाली आडवी रेघ ओढायचा, कारण बिल्ला मळला की वाय आणि व्ही सारखेच दिसतात. हजारो बिल्ले मी त्याच्या वासरांच्या कानांत मारले असतील.

"वॉल्ट, सगळा गाव म्हणतोय ते एक मत माझं आहे."

"ऐकलं मी."

"ते माझं नाही."

"मला माहीत आहे."

इतकं सरळ म्हणाला की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. दोन दिवसांत पहिला माणूस भेटला होता, ज्यानं शपथ मागितली नव्हती.

"मग सांग ना त्यांना! तुझं ऐकतील."

त्यानं एक बिल्ला लिहून बाजूला ठेवला. दुसरा घेतला.

"काय सांगू? मत गुप्त असतं, डॉक."

"गुप्त काय राहिलंय त्यात? जीननं माझ्याकडून गाई काढून घेतल्या. तू एवढंच म्हण की डॉकनं मला मत दिलंय, माझी खात्री आहे."

"लोक थंड होतील. थोडे दिवस जाऊ देत."

"माझ्याकडं थोडे दिवस नाहीत, वॉल्ट. नाताळापर्यंत असंच चाललं तर मला दवाखाना बंद करावा लागेल."

त्याचं पेन थांबलं. मला वाटलं आता बोलेल. पण तो म्हणाला, "कॉफी घेणार?"

मी घेतली. मूर्खासारखी घेतली, आणि त्याचे आभारही मानले.

सोमवारी मी काउंटीच्या कचेरीत गेलो. निवडणुकीचं काम बघणारी लोरेन म्हणून बाई होती, तिच्या दोन मांजरांचा मीच डॉक्टर.

"लोरेन, मला माझी मतपत्रिका दाखव."

ती हसली. मी हसत नाही हे बघून थांबली.

"तसं करता येत नाही, डॉक. त्यावर नाव नसतं."

"मग मी मत दिलं ते सिद्ध कसं करू?"

"सिद्ध करायचं नसतंच. म्हणून तर ते गुप्त ठेवलंय. तुमच्या भल्यासाठी."

"माझ्या भल्यासाठी तुमच्या पेपरात तक्ता छापून आलाय."

ती हळूच म्हणाली, "वॉल्टनं फेरमोजणी मागितली तर सगळ्या पत्रिका पुन्हा बाहेर निघतील. पण ती उमेदवारानंच मागावी लागते. उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे."

मला काय, बुडत्याला काडी. मी तसाच धान्याच्या सोसायटीत गेलो. तिथं सकाळी सगळे शेतकरी कॉफी प्यायला जमतात. वॉल्ट होता, जीन होता, आणखी सात-आठ जण. मी आत शिरलो तशी बोलणी बंद. फक्त कॉफीचं यंत्र गुरगुरत होतं.

"फेरमोजणी माग, वॉल्ट," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "उद्यापर्यंत वेळ आहे."

जीननं माझ्याकडं जरा चमकून पाहिलं. "हे डॉक पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला. मी कधीचा तेच सांगतोय."

"नको," वॉल्ट म्हणाला. "झालं ते झालं. रॉय चांगला माणूस आहे."

"चांगला आहे ना? मग पूल बंद झाला की त्याच्या पाठीवरून ट्रक नेऊ आपण," जीन म्हणाला. सगळे हसले. "एका मताचा फरक आहे, वॉल्ट! यंत्रानं एक गोल चुकीचा वाचला असला तरी पुरे."

"लोकांना उगाच त्रास..."

"कुणाला त्रास? लोरेनला? ती दिवसभर कोडी सोडवत बसते."

वॉल्टनं टोपी काढली, परत घातली. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळाला घाम होता. मला तेव्हा त्याची कीव आली. वाटलं, किती सज्जन माणूस, हरलेलं परत मागायचीही लाज वाटते.

शेवटी त्यांनी त्याला गाडीत घालूनच नेलं म्हणा ना. सही केली त्यानं.

फेरमोजणी शुक्रवारी सकाळी होती. कचेरीचा मोठा हॉल, लांब टेबल, लोरेन आणि तिच्या मदतीला दोन म्हाताऱ्या. टेबलाच्या एका बाजूला वॉल्ट, दुसऱ्या बाजूला रॉय टकेट, चकचकीत बूट घालून. मागं खुर्च्यांवर आम्ही बघे. मी पहिल्या रांगेत बसलो, मुद्दाम. मला कुणापासून तोंड लपवायचं नव्हतं.

दक्षिणेची मोजणी जशीच्या तशी निघाली. मग नॉर्थ फोर्कचं पाकीट फोडलं. लोरेन एकेक पत्रिका वाचून ठेवत होती. उन्रू. उन्रू. उन्रू. मी मनात मोजत होतो. एकविसाव्या का बाविसाव्याला ती अडखळली.

"टकेट," ती म्हणाली. आणि नियमाप्रमाणे दोन्ही उमेदवारांना दाखवायला तिनं ती पत्रिका टेबलावर मधोमध ठेवली.

गोल नीट, काठोकाठ भरलेला. पेन सरकलेलं नव्हतं, यंत्र चुकलेलं नव्हतं. जीननं मागं मोठ्यानं श्वास सोडला.

तेवढ्यात मदतीची एक म्हातारी वाकून म्हणाली, "अगं बाई! खाली डॉकचं नाव लिहिलंय!"

"एडना!" लोरेन ओरडली. पण व्हायचं ते होऊन गेलं.

टाउनशिपचा कारभार तिघं बघतात: ट्रस्टी म्हणजे सरपंच, खजिनदार, आणि लिहायला क्लार्क. झालं होतं असं की क्लार्कच्या जागेला कुणीच उभं नव्हतं. इकडं अशी पदं रिकामी असतात, आणि पत्रिकेवर एक कोरी ओळ असते, मनात असेल ते नाव लिहा. बहुतेक जण ती तशीच सोडतात. या पत्रिकेवर त्या ओळीत लिहिलं होतं: डॉक हॅरी. माझं नाव हरिश्चंद्र टेकाळे. ते त्यांना झेपलं नाही म्हणून मी हॅरी.

जीन हसायला लागला. आनंदाचं हसणं नव्हतं ते. "स्वतःलाच मत दिलं की रे यानं! वॉल्टला पाडलं आणि स्वतः क्लार्क!"

मी उठलो, टेबलापाशी गेलो. "हे माझं अक्षर नाही. आणि मी स्वतःला डॉक हॅरी कशाला लिहीन? तुम्ही म्हणता मला तसं!"

"डॉक, मागं व्हा," लोरेन म्हणाली.

"माझी सही आहे तुझ्या रजिस्टरात. लावून बघ शेजारी!"

"मत कुणाचं आहे हे शोधायला कायद्यानं बंदी आहे. मागं व्हा, नाहीतर मला शेरीफला बोलवावं लागेल."

म्हणजे मी दोषी ठरायला एकही पुरावा लागला नाही, आणि निर्दोष ठरायला पुरावा बघायचीच बंदी. वा रे कायदा!

मागं होता होता मी त्या ओळीकडं शेवटचं पाहिलं. जाड, उभी अक्षरं. हॅरीच्या शेवटी वाय. आणि वायच्या पायाखाली एक आडवी रेघ.

मी मान वर केली. वॉल्ट त्या पत्रिकेकडं बघतच नव्हता. तो आपल्या टोपीकडं बघत होता. दोन्ही हातांनी ती गोल गोल फिरवत होता. मी त्याच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो. बोलायला त्याला फार काही लागलं नसतं. त्यानं मान वर केली नाही.

"उन्रू," लोरेननं पुढची पत्रिका वाचली. "उन्रू."

चारशे अकरा, चारशे बारा. जसंच्या तसं.

बाहेर गाड्या लावायच्या जागी मी त्याला गाठलं. तो त्याच्या ट्रकचं दार उघडत होता. मी ते परत लावलं.

"का?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं. जीन अजून आतच होता, रॉयचं अभिनंदन करायच्या रांगेत. हो, रांगेत. रॉयशी त्याचं काही भांडण नव्हतं!

"माझे वडील तीन वेळा टाउनशिपला उभे होते," वॉल्ट म्हणाला. "एकदाही स्वतःला मत दिलं नाही. समोरच्याला द्यायचे. माणसानं स्वतःच्या नावापुढं स्वतःच्या हातानं खूण करू नये, असं होतं त्यांचं. माझा हात झाला नाही, डॉक. मला वाटलं रॉयही तसंच करेल."

"रॉय!" मला हसू आलं. "रॉयनं जमलं असतं तर स्वतःला दोनदा दिलं असतं."

"हो. ते आता कळतंय."

"म्हणजे तू स्वतःला दिलं असतंस तर तू चारशे बारा आणि तो चारशे अकरा."

"मोजलंय मी. रोज रात्री मोजतो."

"आणि माझं नाव?"

"तू चांगला क्लार्क होशील असं वाटलं. तू लिहितोस नीट. मी ट्रस्टी, जीन खजिनदार, तिसरा कुणीतरी हवाच होता." तो माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघत म्हणाला, "मी ते तुझ्याबद्दल चांगलं म्हणून लिहिलं होतं."

"मग आत चल. आत्ता. आणि हेच सांग."

"नाही जमणार."

"का नाही जमणार? पाप तर नाही केलंस. चूक झाली म्हण."

"डॉक, या लोकांचा पूल माझ्या हातानं गेलाय. ज्यांनी मला उभं केलं त्यांचा. ते कळलं तर मी चर्चमध्ये कुठं बसू? मला इथंच मरायचंय. माझं सगळं इथंच आहे."

"आणि माझं?"

तो जे बोलला ते त्यानं वाईट मनानं म्हटलं नाही. म्हणूनच ते अजून जात नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी समजावल्यासारखं म्हणाला:

"तू कुठंही जाऊ शकतोस, डॉक. एवढ्या लांबून आलास. तुला जायची सवय आहे."

त्यानं दार उघडलं, ट्रक सुरू केला आणि गेला. जाताना हात केला. ते लोक कुणालाही हात करतात.

मी तसाच जीनकडं गेलो आणि सांगून टाकलं. काय म्हणाला असेल?

"वॉल्टनं वॉल्टला पाडलं?" तो म्हणाला. "इतका खाली उतरू नकोस, डॉक. तो एकटाच 'डॉकला सोडा' म्हणत होता."

घरी येऊन शैलाला सगळं सांगितलं. तिनं भांडी घासता घासता ऐकलं. वॉल्टच्या शेवटच्या वाक्याला तिचा हात थांबला.

"सवय आहे म्हणाला?"

"हो."

"आपण केज सोडलं तेव्हा स्टँडवर तुमची आई तीन तास बसली होती. गाडी गेल्यावर पण बसली होती म्हणे." तिनं तवा धाडकन आपटला. "म्हणे सवय! त्या आर्कान्सावाल्याला फोन करा आणि नाही म्हणून सांगा."

"अगं, खाणार काय?"

"पाव खाऊ. पण त्या माणसाच्या सोयीसाठी मी इथून हलणार नाही."

डिसेंबरात बर्फ पडलं आणि पलीकडच्या काउंटीतल्या डॉक्टरला यायला जमेना. पहिला फोन आला तो अडलेल्या गाईसाठी, पहाटे पाचला. मी गेलो. माफी कुणी मागितली नाही, कॉफी मात्र दिली. मग दुसरा फोन. मग तिसरा. माझ्यावर विश्वास बसला म्हणून नाही. गाय थांबत नाही म्हणून.

नाताळानंतर लोरेनचा फोन आला.

"डॉक, तुम्ही निवडून आलात. टाउनशिपचे क्लार्क. एक मत मिळालंय, दुसऱ्या कुणाला एकही नाही." ती जरा घुटमळली. "नाही म्हणायचा हक्क आहे तुम्हाला. म्हणजे, एवढं सगळं झाल्यावर..."

"शपथ कधी घ्यायची ते सांग," मी म्हणालो.

जानेवारीतल्या पहिल्या सभेला टाउनशिपच्या हॉलमध्ये सोळा माणसं होती. एरवी चार असतात, पण पुलाला कुलूप लागलं होतं. समोर टेबलाला तीन खुर्च्या. मधे ट्रस्टी वॉल्ट, त्याच्या डाव्या हाताला खजिनदार जीन, उजव्या हाताला मी, सभेचं इतिवृत्त लिहायला. वॉल्टनं मला बघून मान हलवली. मी अजून इथंच आहे, हे काही त्याच्या मनाला पटत नसावं.

पुलाबद्दल तास दीड तास ओरडाआरडा झाला. काउंटीला पत्र लिहायचं ठरलं. आमची पत्रं काउंटी कशाला पुसते ते सगळ्यांना माहीत होतं, तरी ठरलं.

"आणखी काही विषय?" वॉल्टनं विचारलं.

"एक आहे," मी म्हणालो आणि उभा राहिलो. "मी एका मतानं निवडून आलोय. या हॉलमधल्या कुणीतरी ते दिलंय. मला त्या माणसाचे आभार मानायचेत. ज्यानं कुणी दिलं असेल त्यानं उभं राहावं."

खुर्च्या करकरल्या. कुणीतरी फिसकन हसलं.

"तू तर उभाच आहेस की!" जीन म्हणाला, आणि हॉल खदखदून हसला.

मी थांबलो. हसणं ओसरलं, तरी थांबलो. मी कुणाकडं बघत नव्हतो, समोर भिंतीवर बघत होतो. माझ्या शेजारच्या खुर्चीतून श्वासाचा आवाज येत होता. लोकांची चुळबुळ सुरू झाली. एक बाई कोट घालायला लागली. मग मी खाली बसलो आणि लिहिलं.

आमच्याकडं इतिवृत्त तिथल्या तिथं वाचून दाखवायचं आणि ट्रस्टीची सही घ्यायची, अशी रीत आहे. मी वाचलं. पूल, पत्र, बर्फ काढायचं यंत्र. आणि शेवटची ओळ:

"क्लार्कने आपल्या मतदाराचे आभार मानले. मतदार सभेला हजर होता. उभा राहिला नाही."

पुन्हा सगळे हसले. जीननं तर टेबलावर थाप मारली. "छाप बाबा, पेपरातच छाप!"

मी वही वॉल्टपुढं सरकवली. त्यानं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मी त्याच्या हातात पेन दिलं.

हसणाऱ्या सोळा माणसांपुढं त्यानं खाली सही केली.